आपली नदी, आपले मासे आणि त्यांचे अभ्यासक

वाशीम जिल्हा दोन मोठ्या खोऱ्यांच्या माथ्यावर वसलेला आहे. ही गोष्ट आपण भूगोलाच्या तासाला ऐकतो आणि परीक्षा संपली की विसरतो. जिल्ह्यात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे अकोल्याच्या बाजूस उतरते व पूर्णेला मिळते. पूर्णा तापीला मिळते आणि ते पाणी अखेर अरबी समुद्रास जाते. याच जिल्ह्यातील अडाण नदी मात्र पैनगंगेकडे वाहते. पैनगंगेचे पाणी वर्धा नदीत, तेथून प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचते. माथ्याच्या अलीकडे पडलेला पावसाचा थेंब एका समुद्रास जातो व पलीकडे पडलेला दुसऱ्या समुद्रास. माणूस हा माथा एस.टी.ने अर्ध्या तासात ओलांडतो, पक्षी उडून जातो. माशाला मात्र तो ओलांडता येत नाही. म्हणूनच काटेपूर्णेतील मासे आणि अडाणमधील मासे ही, जिल्हा एकच असला तरी, दोन वेगळ्या घराण्यांची प्रजा आहे.

या प्रजेची खानेसुमारी कोणी केली आहे काय? आपल्या नद्यांत कोणते मासे होते, आज कोणते आहेत आणि उद्या कोणते राहतील, याची नोंद कोणाजवळ आहे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा आणि त्याच्या उत्तरासाठी आयुष्यातील उमेदीची वर्षे खर्च करणाऱ्या अभ्यासकांचा थोडक्यात परिचय करून देण्याचा प्रयत्न आहे. समाजातील ज्येष्ठांनी तो वाचावाच. परंतु जे विद्यार्थी विज्ञान शाखेत शिकत आहेत, 'प्राणीशास्त्र घेऊन पुढे काय करायचे?' असा प्रश्न ज्यांना घरून व बाहेरून विचारला जातो, त्यांनी तो विशेष लक्ष देऊन वाचावा.

मासा नदीची हकीकत सांगतो

नदीचे पाणी शुद्ध आहे की अशुद्ध, हे पाहण्यासाठी आपण बाटलीत नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवितो. प्रयोगशाळा त्या क्षणाच्या पाण्याविषयी सांगते. कालच कोणी वर विष टाकले असेल व ते वाहून गेले असेल, तर बाटलीला त्याचा पत्ता लागत नाही. मासा मात्र त्या पाण्यात दिवसरात्र, बाराही महिने राहतो. त्याला अन्न तेथेच, अंडी घालायला जागा तेथेच आणि श्वासही त्याच पाण्यातून. बहुतेक माशांना एक लिटर पाण्यात साधारण ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो. सांडपाणी वाढले की तो कमी होतो आणि नाजूक जाती आधी जातात.

याउलट मरळ आणि मांगूर हे मासे पाण्याबाहेर तोंड काढून हवेतील प्राणवायू घेऊ शकतात. त्यासाठी त्यांच्या डोक्यात कल्ल्यांजवळ वेगळे अवयव असतात. उन्हाळ्यात डबके आटत आले, पाणी गढूळ व उष्ण झाले, तरी हे मासे तग धरतात. म्हणून एखाद्या नदीपात्रात जाळे टाकले आणि केवळ मरळ, मांगूर व चिलापी एवढेच हाती लागले, तर जाणकार माणूस ओळखतो की येथील पाण्याची दशा चांगली नाही. दगडाच्या कपारीत राहणारी मुरी, वाहत्या धारेत दगडाला चिकटून शेवाळ खाणारा मल्या हे मासे दिसले तर समजावे की येथे धार अजून वाहती आहे, तळाचा दगडगोटा अजून शाबूत आहे. केवळ कोणता मासा आहे व कोणता नाही, एवढे पाहूनही नदीची हकीकत वाचता येते. अट एवढीच की मासा ओळखता आला पाहिजे आणि पूर्वी तेथे काय होते हे ठाऊक असले पाहिजे.

पूर्वसूरींचे कार्य

दख्खनच्या माशांची पहिली मोठी शास्त्रीय नोंद एका लष्करी अधिकाऱ्याने केली. त्याचे नाव विल्यम हेन्री साइक्स. मुंबई इलाख्याची आकडेवारी गोळा करण्याचे काम त्याच्याकडे होते. ते करीत असता त्याने भीमा, मुळा-मुठा या नद्यांतील मासेही पाहिले आणि १८३९ ते १८४१ या काळात त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे. साइक्सने अनेक माशांना जी शास्त्रीय नावे दिली, ती त्याने नदीकाठच्या मराठी माणसाच्या तोंडून घेतली. गारा मुल्या, लाबिओ बोगट, मिस्टस सिंगटी, हिप्सेलोबार्बस कोलस, टॉर खुद्री ही नावे आज जगातील कोणत्याही विद्यापीठात उच्चारली जातात. त्यातील पहिला शब्द शास्त्राचा, पण दुसरा शब्द आपला. ज्या मासेमाराने साइक्सला 'हा कोळस, हा मल्या' असे सांगितले, त्याचे नाव कोणत्याही ग्रंथात नाही. परंतु त्याचे ज्ञान ग्रंथात आहे. नदीचा पहिला अभ्यासक हा नदीवर पोट असलेला माणूसच असतो, ही गोष्ट यातून स्पष्ट होते.

साइक्सच्या आधी, १८२२ साली, फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेच्या माशांवर ग्रंथ लिहिला होता. नंतर फ्रान्सिस डे या वैद्यकीय अधिकाऱ्याने १८७५ ते १८७८ या वर्षांत भारतातील माशांवरील आपला मोठा सचित्र ग्रंथ प्रकाशित केला. आजही माशाची जात ठरविताना अभ्यासकास डेचा ग्रंथ उघडावा लागतो.

भारतीय अभ्यासकांत डॉ. सुंदरलाल होरा यांचे नाव अग्रभागी आहे. १८९६ साली पंजाबात जन्मलेले होरा १९४७ ते १९५५ या काळात भारतीय प्राणी सर्वेक्षण या संस्थेचे संचालक होते. डोंगरातील वेगवान झऱ्यांत राहणारे मासे दगडाला कसे चिकटतात, त्यासाठी त्यांच्या शरीरात कोणते बदल झाले आहेत, याचा त्यांनी सखोल अभ्यास केला. असे काही मासे पूर्व हिमालयात आणि थेट पश्चिम घाटात आढळतात, मधल्या प्रदेशात नाहीत, हे कसे? होरांनी असे अनुमान मांडले की प्राचीन काळी हे मासे विंध्य-सातपुड्याच्या डोंगररांगांतील प्रवाहांच्या वाटेने पश्चिमेकडे आले असावेत. हेच त्यांचे सातपुडा अनुमान. पुढील शास्त्रज्ञांनी त्यावर बरेच आक्षेप घेतले आणि आज ते जसेच्या तसे मान्य केले जात नाही. परंतु त्या एका प्रश्नामुळे मध्य भारतातील लहान नद्यांकडे जगाचे लक्ष गेले, हे मान्य करावेच लागेल.

होरांच्या आणखी एका कामाचा उल्लेख या स्मरणिकेच्या वाचकांस जवळचा वाटेल. सम्राट अशोकांच्या पाचव्या स्तंभलेखाचा त्यांनी मत्स्यशास्त्राच्या नजरेतून अभ्यास केला व १९५० साली तो प्रसिद्ध केला. राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी काढलेल्या या आज्ञेत ज्या प्राण्यांना मारू नये त्यांची यादी आहे. त्या यादीत कासवे आहेत आणि काही माशांचीही नावे आहेत. चातुर्मासाच्या पौर्णिमा व इतर काही ठरावीक दिवशी मासा मारू नये आणि विकूही नये, असे त्यात सांगितले आहे. त्या दिवशी हत्तींची वने व मासेमारांची राखीव पाणक्षेत्रे येथे अन्य प्राणीही मारू नयेत, असेही आहे. या पाणक्षेत्रांसाठी लेखात 'केवटभोग' असा शब्द येतो. बावीसशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या शिलास्तंभावरील 'केवट' हा शब्द आजही मासेमारी करणाऱ्या समाजाचे नाव म्हणून टिकून आहे. मासा पकडावा, पण त्याला काळवेळेची मर्यादा असावी, हा विचार या भूमीवर नवा नाही.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर डॉ. चं. वि. कुलकर्णी यांची कारकीर्द विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावी. कोकण किनाऱ्याच्या खाड्यांतून सापडलेल्या एका अगदी चिमुकल्या, पारदर्शक माशाचे त्यांनी १९४० साली वर्णन केले. त्या माशाचे नाव होराइक्थिस सेटनाय. गुरुस्थानी असलेले होरा आणि मुंबईच्या मत्स्य विभागाचे सेटना या दोघांचीही आठवण त्या एका नावात आहे. पुढे ते राज्याच्या मत्स्य विभागाचे संचालक झाले. निवृत्तीचे वय आले तरी काम थांबले नाही. १९७० च्या सुमारास लोणावळ्यास टाटांच्या जलाशयावर दख्खनी महसीर या माशाची कृत्रिम रीतीने पैदास करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. या महसीरची पुढील कथा खाली येईलच.

जुन्या यादीचे मोल

पुण्याच्या नद्यांची एक गोष्ट भाग्याची आहे. साइक्सनंतरही तेथे कोणी ना कोणी मासे मोजीत राहिले. १९४२ साली फ्रेझर यांनी, १९४४ साली सुटर यांनी, १९६३ साली तोनापी व मुल्हेरकर यांनी पुण्याच्या माशांवर लेख लिहिले. त्यामुळे २००३ साली वाघ व घाटे यांनी, तसेच खरात, दहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा पाहणी केली तेव्हा त्यांच्याजवळ ताडून पाहण्यास काहीतरी होते. पूर्वी नोंदलेल्या काही स्थानिक जाती आता मिळत नाहीत आणि पूर्वी नसलेल्या परक्या जाती पात्रात ठाण मांडून बसल्या आहेत, हे त्यांना पुराव्यानिशी दाखविता आले.

आपल्या अडाण, अरुणावती, पूस यांसारख्या लहान नद्यांच्या वाट्याला अशी पिढ्यान्‌पिढ्यांची सलग नोंद आलेली नाही. वडीलधारी माणसे सांगतात की पूर्वी डोहात हाताएवढे मासे मिळत. ऐकणारा म्हणतो, जुन्या लोकांना सारे जुनेच चांगले वाटते. कोण खरे, हे ठरविणार कसे? ज्या घराच्या वस्तूंची यादीच नाही, त्या घरात चोरी झाली तरी काय गेले ते सांगता येत नाही. नदीचेही तसेच आहे. नुकसान होते ते होतेच. परंतु ते झाले हे सिद्ध करण्याचे साधनही हाती राहत नाही. भरपाई मागावी तर कशाची, आणि अडवावे तर कोणाला? म्हणून नोंद ही प्रतिष्ठेसाठी करावयाची गोष्ट नसून नदीच्या व तिच्यावर जगणाऱ्यांच्या हक्काचा तो कागद आहे.

अडाण आणि कठाणी

वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथील डॉ. निलेश हेडा यांच्या कार्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते. गोड्या पाण्यातील मासे आणि नद्यांचे पर्यावरण हा त्यांचा अभ्यासविषय. त्यांनी गोदावरी खोऱ्याच्या ईशान्य भागातील दोन नद्यांच्या मत्स्यविविधतेचा अभ्यास केला व तो २००९ साली 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा' या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला. या दोन नद्या म्हणजे आपली अडाण आणि गडचिरोली जिल्ह्यातील कठाणी.

ही जोडी विचार करण्यासारखी आहे. अडाण शेतीच्या मुलखातून वाहते. तिच्या दोन्ही काठांवर कापूस, सोयाबीन, तूर. पात्रावर धरण, काठावर मोटारपंप. कठाणी ही जंगलातून वाहणारी नदी. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' या निर्धारासाठी प्रसिद्ध असलेले मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव याच कठाणीच्या परिसरात आहे. कठाणी वैनगंगेला मिळते, अडाणचे पाणी पैनगंगेतून वर्धेला जाते, आणि वर्धा व वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते. म्हणजे दोन्ही नद्या एकाच महानदीच्या लेकी. एक शेतकऱ्यांच्या घरी वाढलेली, दुसरी रानात वाढलेली. दोघींच्या माशांची नोंद शेजारी शेजारी ठेवली की शेतीच्या मुलखात नदीवर काय काय ओझे पडते, याचा विचार करण्यास आधार मिळतो.

त्याच वर्षी, म्हणजे २००९ मध्ये, त्यांचे मध्य भारतातील गोड्या पाण्याच्या माशांवरील क्षेत्रपुस्तक प्रकाशित झाले. त्या काळी कार्यरत असलेल्या केंद्र शासनाच्या 'विज्ञान प्रसार' या संस्थेने ते काढले. क्षेत्रपुस्तक म्हणजे नदीवर हातात धरून नेण्याचे पुस्तक. मासा समोर आहे, पुस्तक उघडले, आकार, खवले, पर, मिशा पाहिल्या आणि जात ओळखली. डेचा ग्रंथ मोठ्या ग्रंथालयात असतो व तो वाचण्यास विशेष तयारी लागते. क्षेत्रपुस्तकामुळे तेच ज्ञान महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या पिशवीत येते. शास्त्रज्ञाने शास्त्रज्ञांसाठी लेख लिहावा, तसेच ज्यांना नदी रोज दिसते अशा लोकांसाठीही लिहावे, ही गोष्ट या कामातून शिकण्यासारखी आहे.

तालुक्याच्या गावी राहून, आपल्याच परिसरातील नदी हा अभ्यासाचा विषय मानून, जगाने वाचावे असे काम करता येते, हे येथे दिसून येते. संशोधन म्हणजे पांढरा कोट, काचेच्या नळ्या आणि परदेशची वारी अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. ज्या नदीवर आपण धुणे नेतो, जनावरे पाजतो, तीच नदी संशोधनाचा विषय होऊ शकते, हे आपल्या मुलांना कोणीतरी सांगावयास हवे.

अभ्यास होतो कसा?

विद्यार्थ्यांच्या माहितीसाठी या कामाची पद्धत थोडक्यात सांगतो. प्रथम नदीवर उगमापासून संगमापर्यंत काही ठिकाणे निश्चित करतात. एखादे ठिकाण डोहाचे, एखादे उथळ धारेचे, एखादे धरणाच्या वर, एखादे खाली. त्या त्या ठिकाणी पावसाळा, हिवाळा व उन्हाळा अशा तिन्ही ऋतूंत पुन्हा पुन्हा जावे लागते. एकदाच जाऊन केलेली यादी अपुरी असते, कारण काही मासे केवळ पहिल्या पुरात दिसतात. ज्येष्ठ-आषाढात नदीला नवे पाणी आले की अनेक जाती प्रवाहाविरुद्ध वर चढतात व उथळ, नवीन पाण्यात अंडी घालतात. हेच चढणीचे मासे.

जाळी वेगवेगळ्या आसाची लागतात. मोठ्या आसाच्या जाळ्यातून लहान मासा निसटतो, आणि मग तो नाहीच असा चुकीचा निष्कर्ष निघतो. पाण्याचे तापमान, सामू, विरघळलेला प्राणवायू, प्रवाहाचा वेग, तळ वाळूचा की गोट्यांचा की गाळाचा, हे सारे लिहून ठेवावे लागते. सापडलेल्या माशाच्या अंगावरील पार्श्वरेषेवर किती खवले आहेत, पाठीच्या परात किती काटे व किती किरणे आहेत, मिशांच्या जोड्या किती, हे मोजून जात ठरवितात. दोन जाती वरवर सारख्या दिसल्या तरी खवल्यांच्या संख्येत फरक निघतो. अलीकडे जनुकांच्या तपासणीने जात निश्चित करता येते, परंतु नदीवर जाऊन डोळ्यांनी पाहण्याचे काम त्यामुळे संपलेले नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भोई, ढीवर, केवट यांच्याशी बोलणे. कोणता मासा कोणत्या डोहात राहतो, केव्हा अंडी घालतो, कोणता मासा दहा वर्षांपासून दिसत नाही, हे त्यांना ठाऊक असते. एकाच माशाला एका गावात एक नाव आणि चार कोसांवर दुसरे. ती सर्व नावे टिपून घ्यावी लागतात. मरळीचे नर-मादी आपल्या पिलांची राखण करतात, पिलांचा लालसर थवा पाण्याच्या पृष्ठभागावर फिरतो व खाली आईबाप असतात, हे पुस्तकात वाचण्यापूर्वी कित्येक पिढ्या मासेमारांना माहीत आहे. शहाणा अभ्यासक अशा माणसापुढे वही उघडतो. ज्याला शिक्षणाची संधी मिळाली नाही त्याच्याजवळ ज्ञान नाही, हा समज या क्षेत्रात पहिल्याच दिवशी गळून पडतो.

चांगल्या हेतूचीही परीक्षा

आता महसीरची कथा. लोणावळ्यास दख्खनी महसीरची पैदास यशस्वी झाली आणि त्याची लाखो पिले देशातील अनेक राज्यांना देण्यात आली. नाहीसा होत चाललेला मासा पुन्हा वाढावा, हा हेतू अत्यंत चांगला होता. परंतु ही पिले दक्षिणेतील कावेरी नदीतही सोडली गेली. कावेरीत पूर्वीपासून कुबड असलेल्या महसीरची स्वतःची जात होती; जगातील सर्वांत मोठ्या महसीरांपैकी ती एक. बाहेरून आलेला महसीर तेथे फोफावला आणि मूळचा मागे पडला. गंमत अशी की कावेरीच्या त्या माशाचे शास्त्रीय नाव नेमके कोणते, हेही २०१८ पर्यंत निश्चित झाले नव्हते. त्या वर्षी तो टॉर रेमादेवी असल्याचे शास्त्रज्ञांनी दाखविले आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत नोंदला गेला. नाव ठरले तेव्हा तो जवळजवळ संपत आला होता.

यावरून कोणालाही दोष देण्याचे कारण नाही. त्या काळात उपलब्ध ज्ञानानुसार ते योग्यच वाटले होते. बोध एवढाच घ्यावयाचा की नदीत मासा सोडणे हे तळ्यात मासा सोडण्यासारखे नाही. आधी तेथे कोण राहते ते पाहावे, मग पाहुणा आणावा.

आपल्याकडील तलावांत व धरणांत रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले जाते. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओरिसात, म्हणजे आजच्या ओडिशात, संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या माशांची पैदास करण्यात यश मिळविले. तेव्हापासून नदीतून बीज गोळा करण्यावरचे अवलंबित्व कमी झाले व लाखो कुटुंबांना रोजगार मिळाला. तो दिवस आजही देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. हे उपकार विसरता येणार नाहीत. परंतु १९५२ साली देशात आणलेला चिलापी आणि चोरट्या मार्गाने आलेला आफ्रिकी मांगूर यांनी मात्र स्थानिक माशांची अंडी-पिले फस्त केली. आफ्रिकी मांगूर पाळण्यावर सन २००० पासून बंदी आहे. तरीही तो बाजारात दिसतो आणि पुरात तळी फुटली की नदीत उतरतो. आपला देशी मांगूर लहान व चविष्ट. दोन्हींना एकाच नावाने हाक मारली जात असल्याने ग्राहक फसतो.

नद्यांपुढील संकटे

पैनगंगा व तिच्या उपनद्यांवर धरणे आणि बॅरेज झाले. पैनगंगेवरील इसापूरचे मोठे धरण सर्वांना परिचित आहे. धरणांमुळे ओलित वाढले, पिण्याचे पाणी मिळाले, ते नको होते असे कोणीही म्हणणार नाही. परंतु चढणीच्या माशाला भिंत ओलांडता येत नाही. वर जाता आले नाही तर अंडी नाहीत, अंडी नाहीत तर पुढची पिढी नाही. माशांसाठी भिंतीलगत पायऱ्यापायऱ्यांची वाट ठेवता येते, त्याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो.

दुसरे संकट वाळूचे. वाळू उपसली की केवळ खड्डा पडत नाही. अंडी घालण्याची जागा जाते आणि वाळूत मुरून राहणारे पाणीही जाते. डिसेंबरनंतर पंपांनी डोह कोरडे केले की उन्हाळ्यात माशांना आश्रयच उरत नाही. एक खोल डोह म्हणजे संपूर्ण नदीची बियाण्याची कणगी असते. तो आटला तर पुढील पावसाळ्यात पेरावयास बी कोठून येणार? याशिवाय शेतातील कीटकनाशके, गावाचे सांडपाणी, आणि विष घालून, सुरुंगाने अथवा विजेचा धक्का देऊन केलेली मासेमारी. यात लहानमोठा, खाण्याचा-न खाण्याचा, सारा जीव एकदम मरतो.

याची झळ प्रथम कोणाला लागते? ज्याला बाजारातून दीड-दोनशे रुपये किलोचा मासा आणता येतो त्याला नाही. भोई-ढीवर कुटुंबाचा रोजगार जातो. शेतमजुराच्या ताटातील लहान मासळी जाते. लहान मासे काट्यासकट खाल्ले जातात, त्यातून चुना, लोह व अ जीवनसत्त्व मिळते. वाढत्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्याची नितांत गरज असते. म्हणून माशांचे संवर्धन हा केवळ हौशी निसर्गप्रेमींचा विषय नसून गरिबाच्या पोषणाचा व रोजगाराचा प्रश्न आहे.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

विद्यार्थी मित्रांनो, या क्षेत्रात शिकावयाचे असेल तर मार्ग आहेत. प्राणीशास्त्रात पदवी व पदव्युत्तर शिक्षण घेऊन विद्यापीठातून पीएच.डी. करता येते. नागपूर व उदगीर येथे मत्स्यविज्ञान महाविद्यालये आहेत. मुंबईस १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. कोलकत्याजवळ बराकपूर येथे १९४७ पासून देशांतर्गत पाण्यातील मासेमारीवर संशोधन करणारी संस्था आहे, लखनौला मत्स्य जनुकीय संपदेची संस्था आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही १९१६ साली स्थापन झालेली संस्था कोलकत्यास असून तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यास आहे. प्रवेशपरीक्षा व शिष्यवृत्ती यांची चौकशी वेळेवर करावी. फॉर्मची तारीख निघून गेल्यावर हळहळण्यात अर्थ नाही.

परंतु पदवी मिळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे. आपल्या गावची ही नोंदवही एकदा मागून पाहा. त्यात माशांचे पान आहे काय? असल्यास नावे कोणी सांगितली, कोणत्या साली लिहिली? पान कोरे असेल तर ते भरण्यास हातभार लावा. गावातील वयोवृद्ध मासेमाराजवळ बसा. त्याने सांगितलेले नाव, मासा मिळण्याचे ठिकाण, महिना, मिळत असल्यास छायाचित्र आणि आजची तारीख एवढे लिहा. ठाऊक नाही ते अंदाजाने लिहू नका. अर्धवट पण खरी नोंद ही पूर्ण पण खोट्या नोंदीपेक्षा शंभर पटींनी उपयोगी असते. आपल्या महाविद्यालयातील प्राणीशास्त्राच्या प्राध्यापकांकडून जात तपासून घ्या.

दरवर्षी एकाच डोहाची, एकाच महिन्यात अशी नोंद दहा वर्षे ठेवली, तर ती कोणत्याही विद्यापीठाने जपून ठेवावी अशी वस्तू होईल. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. वही, पेन, थोडी चिकाटी आणि नदीकाठच्या माणसाविषयी आदर, एवढे भांडवल पुरते.

पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी परक्या मुलखातून आलेल्या माणसाने आपल्या नद्यांतील मासे मोजले, आणि म्हणूनच पुण्याला आज आपले काय हरवले ते कळते. अडाणच्या माशांची यादी आता झालेली आहे. ती पुढे चालविणे, काटेपूर्णा, अरुणावती, पूस यांच्या याद्या पूर्ण करणे आणि त्या याद्या हाती घेऊन ग्रामसभेत, पाटबंधारे खात्यापुढे, प्रसंगी न्यायालयापुढे आपल्या नदीची बाजू मांडणे, हे काम वाशीम जिल्ह्यातील विद्यार्थ्यांची वाट पाहत आहे. येत्या ज्येष्ठात नदीला नवे पाणी येईल आणि मासे चढणीला लागतील. त्या वेळी काठावर वही घेऊन उभे राहणारे दोन-चार विद्यार्थी तरी आपल्या समाजातून पुढे यावेत, ही सदिच्छा.